आश्विनातील हजेरीपट

पावसाळ्याचे पाणी ओसरून गोदावरीचे पात्र आपल्या नेहमीच्या मर्यादेत परतू लागले, पितृपक्ष संपला आणि घटस्थापनेचा दिवस जवळ आला, की नाशिक जिल्ह्यातील शाळांच्या हजेरीपटावर परस्परविरुद्ध अशा दोन गोष्टी एकाच वेळी घडू लागतात. जून महिन्यात नव्या वर्गात केवळ शेजारी बसवलेली मुले एव्हाना एकमेकांची झालेली असतात; भोंडला, पाटीपूजन, तालुक्याच्या क्रीडास्पर्धा, कोजागरीचे दूध, सहामाही परीक्षा आणि तिच्यामागोमाग येणारी दिवाळीची सुट्टी अशा क्रमाने शाळेचे सामुदायिक जीवन वर्षातल्या सर्वांत भरगच्च काळात प्रवेश करते. आणि नेमक्या याच पंधरवड्यांत द्राक्षबागांची छाटणी सुरू होते, घाटमाथ्यावरचे भात कापणीला येते, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याची वेळ येते, आणि पटावरील नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. शाळा सर्वाधिक गजबजते त्याच सुमारास ती रिकामीही होऊ लागते, आणि हा विरोध ध्यानात घेतल्यावाचून या जिल्ह्याच्या शालेय जीवनाविषयी बोलणे व्यर्थ आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय पाचवी ते आठवी या इयत्तांतील मुलांपुरता मर्यादित आहे. ही मधली शाळा आपल्याकडे पूर्वापार उपेक्षित राहिली. बालवर्गाच्या वाट्याला वात्सल्य येते, दहावीच्या वाट्याला सर्व घराची चिंता येते; मधल्या वर्गांतील अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाकडे मात्र, तो ना लहान ना मोठा म्हणून, कोणाचेच पुरेसे लक्ष जात नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात मराठी सातवीच्या अखेरीस होणाऱ्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेमुळे या वर्गांना काही प्रतिष्ठा होती. फायनल उत्तीर्ण झालेल्या मुलास शाळामास्तराची किंवा तलाठ्याची नोकरी मिळण्याची आशा असे, आणि खेडेगावात 'फायनल पास' हे शब्द नावाला चिकटून जन्मभर सोबत करीत. ती परीक्षा इतिहासजमा झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवी या वर्गांसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तासांचे अध्यापन बंधनकारक केले, आणि ते योग्यच झाले. परंतु या वयाच्या मुलांनी एकमेकांत मिसळावे कसे, भांडून पुन्हा एकत्र यावे कसे, आपल्या घराबाहेरच्या माणसांना आपले मानावे कसे, या शिक्षणाचे तास कोणत्याही कायद्यात मोजता येत नाहीत. माझ्या मते नाशिककडच्या शाळांत ते तास बव्हंशी आश्विन महिन्यातच भरतात.

त्याचे कारण जिल्ह्याच्या भूगोलात आहे. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे घाटमाथ्याचे तालुके. तेथे पावसाळाभर ओहळ भरून वाहतात, पाड्यावरून शाळेत येणारी वाट कित्येक दिवस बंद असते, आणि आश्विनाचे ऊन पडले, डोंगरउतारावर सोनकी पिवळीधमक फुलली, म्हणजेच मुले नियमाने शाळेत येऊ शकतात. पण तेव्हाच भात, नागली आणि वरई पिकत आलेली असते, आणि घरची कामाची माणसे शेतात गेल्यामुळे धाकट्या भावंडास सांभाळण्याचे काम सहावी-सातवीतल्या मुलीकडे येते. मध्यभागी दिंडोरी आणि निफाड हा बागायती मुलूख. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरमधील छाटणीवर पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचे सर्व उत्पन्न अवलंबून असते, म्हणून मजुरांच्या टोळ्या पेठ, सुरगाणा आणि हरसूलकडून खाली उतरतात. पूर्वेकडे येवले, नांदगाव, मालेगाव ही तुलनेने कोरडी भूमी. तेथील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळी आटोपून कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. एकाच जिल्ह्यातील या तीन मुलखांत आश्विन तीन प्रकारे उगवतो, आणि शाळेच्या पटावर तिन्हींचे पडसाद उमटतात.

घरापासून तुटलेल्या मुलांना शाळेने घर देण्याचा विचार नाशिक नगरीस नवीन नाही. त्याचे एक अत्यंत विलक्षण उदाहरण शरणपूरचे. १८५० च्या दशकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी नाशिकजवळ वसवलेल्या या वस्तीत, हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम आणि शाळा चालवली जात असे. अक्षरओळखीबरोबर त्यांना हातचे कसबही शिकवले जाई. १८६५ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन येथे येऊन गेला आणि या शाळेतील नऊ तरुण त्याने आपल्या मोहिमेसाठी सोबत घेतले. पुढे याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूसमयी त्याच्या तांड्यात होता. जेथे लिव्हिंग्स्टनचे हृदय पुरले त्या झाडावर अक्षरे कोरण्याचे काम त्यानेच केले, आणि तो देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांपैकी एक म्हणून १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीस तो उपस्थित राहिला. ज्यांना आईबाप नव्हते, गाव नव्हते, स्वतःची म्हणावी अशी भाषादेखील ज्यांच्यापासून हिरावली गेली होती, अशा मुलांचा गोतावळा गोदाकाठच्या एका शाळेने जमवला, ही गोष्ट नाशिककरांच्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली आहे. मिशनऱ्यांचे हेतू काय होते याचा विचार इतिहासकारांनी अवश्य करावा. मला येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, शाळा हे निराधारांचे कुटुंब होऊ शकते याचा दाखला या भूमीवर दीडशे वर्षांपूर्वीच मिळाला होता.

विसाव्या शतकात हाच विचार वसतिगृहांच्या रूपाने या जिल्ह्यात रुजला. १९१४ मध्ये रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ प्रभृतींच्या पुढाकाराने नाशिकात उदोजी मराठा बोर्डिंग उभे राहिले, आणि त्यातूनच पुढे मराठा विद्या प्रसारक समाज ही जिल्हाभर शाळांचे जाळे विणणारी संस्था विस्तारली. १५ एप्रिल १९२० रोजी या बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते बसवण्यात आली. कोल्हापुरात जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जो प्रयोग केला होता त्याचे सार असे की, खेड्यातल्या हुशार मुलास शाळेची फी माफ करून भागत नाही; त्याला शहरात निजायला जागा, वेळेवर भाकरी आणि बरोबरीची मुले मिळाल्यावाचून तो टिकत नाही. शाहू छत्रपतींच्या नावाचे बोर्डिंगही नाशिकात चालत असे, आणि दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मलेले दादासाहेब गायकवाड, ज्यांनी पुढे काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची धुरा वाहिली, ते या बोर्डिंगाची व्यवस्था पाहत. सत्याग्रहाचा नेता घडण्याआधी तो मुलांच्या जेवणाखाण्याची आणि अभ्यासाची देखरेख करणारा माणूस होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्राकडे पाहताना मला नेहमी मोलाची वाटत आली आहे.

१९३७ साली नाशिकात दोन भिन्न प्रकृतीच्या शिक्षणसंस्था पुढे आल्या. डॉ. बा. शि. मुंजे यांची भोसला सैनिकी शाळा सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी दादासाहेब बिडकर यांनी डांग सेवा मंडळ स्थापन केले, त्याचे नाव मात्र जिल्ह्याबाहेर फारसे पोहोचले नाही. ज्या भागात तेव्हा पक्का रस्तादेखील दुर्मीळ होता, सुरगाणा तर स्वतंत्र संस्थानच होते, तेथील आदिवासी पाड्यांवर जाऊन मुलांना शाळेत आणणे आणि शाळेतच त्यांचे राहणे-जेवणे चालवणे हे काम मंडळाने पत्करले. आज आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्य कार्यालय नाशिकात आहे आणि शासकीय आश्रमशाळांची मोठी यंत्रणा तेथून चालते. परंतु मुलाला वर्षभर एका जागी ठेवायचे असेल तर शाळेने चुलीची जबाबदारी घेतली पाहिजे, हा धडा त्या यंत्रणेच्या कितीतरी आधी ध्येयवादी शिक्षकांनी या डोंगरांत गिरवला होता.

वसतिगृहातले सहजीवन मुलांच्या लेखणीतून कसे प्रकट होते याचे उत्तम उदाहरण शेजारच्या खानदेशात सापडते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित रोजच्या रोज लिहिले. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले, तेव्हा आश्रमातील मुलांसमोर रोज संध्याकाळी एक आठवण सांगणारा श्याम अशी जी योजना त्यांनी केली, तिच्यामागे छात्रालयातील त्या वर्षांचा अनुभव उभा आहे असे मला वाटते. शाळांतील हस्तलिखितांची परंपरा महाराष्ट्रात सर्वत्र होती. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सुवाच्य अक्षर असलेल्या दोन-तीन मुलामुलींना निवडून, चित्रकलेच्या शिक्षकांकडून मुखपृष्ठ रंगवून घेऊन, वर्गावर्गांतून आलेल्या कविता, कोडी, सहलीची वर्णने एका वहीत उतरवली जात. नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, म्हणजे आजच्या रुंगटा हायस्कुलात, पिंपळगाव बसवंतहून आलेले विष्णु वामन शिरवाडकर शिकले. बाजारपेठेच्या गावातील प्राथमिक शाळा सोडून शहरातील शाळेत दाखल होण्याचा हा प्रवास त्या पिढीतल्या असंख्य मुलांनी केला, आणि त्यांपैकी एक कुसुमाग्रज झाला. जेथे १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे अशा नाशिकात मुलांच्या लेखनास वाचक मिळणे कठीण नव्हते. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यातील शाळांत वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, हे स्तुत्य आहे. मात्र त्या दिवशी मुलांनी नुसते वाचण्याऐवजी स्वतः लिहिलेले हस्तलिखित एकमेकांस वाचून दाखवावे असे मी सुचवीन, कारण आपले लिहिलेले दुसऱ्याने ऐकले हा अनुभव बाराव्या वर्षी ज्यास मिळाला त्याचे वाचन पुढे कोणास सक्तीने करवून घ्यावे लागत नाही.

आता भोंडल्याकडे वळतो, आणि येथे किंचित रेंगाळण्याची वाचकांनी मुभा द्यावी. सूर्य हस्त नक्षत्रात असतो त्या दिवसांचा हा मुलींचा खेळ. कोल्हापूर-सांगलीकडे त्यास हादगा म्हणतात. खानदेशात आणि विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई आणि भुलोबा यांच्या मातीच्या मूर्ती मांडून टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. नाशिक जिल्हा या दोन्ही प्रथांच्या सीमेवर आहे. शहरात आणि दक्षिणेकडे भोंडल्याचा पाट, तर मालेगाव-बागलाणाकडे गेले की भुलाबाईचा देव्हारा. आणि बदलीच्या नोकरीत फिरणाऱ्या शिक्षिकांनी एकीकडची गाणी दुसरीकडे नेल्यामुळे काही शाळांत दोन्हींचा सुंदर मिलाफ झालेला आढळतो.

शाळेतील भोंडला मधल्या सुट्टीनंतर होतो. मैदानाच्या मध्यभागी पाट ठेवून त्यावर खडूने किंवा रांगोळीने हत्ती काढतात. सोंड आणि शेपूट कोणी काढायची यावरून सातवीतल्या मुलींत थोडी चुरस होते, हत्तीच्या पाठीवर झूल रंगवली जाते, झेंडूची दोन फुले वाहिली जातात, आणि मग फेर धरला जातो. पाचवीतल्या मुली आतल्या बाजूस, मोठ्या बाहेर. प्रथम गणपतीची प्रार्थना, मग सासर-माहेरची गाणी, ज्यांत कारल्याच्या वेलाचे निमित्त काढून सुनेस माहेरी जाऊ न देणारी सासू आहे, रुसलेली सून आहे, वेड्या नवऱ्याच्या करामती आहेत. फेर थांबला की खिरापतीचे डबे पुढे येतात. ज्या मुलीने डबा आणला ती झाकणावर हात घट्ट ठेवून उभी राहते. इतरजणी डबा कानाशी नेऊन हलवून पाहतात, गोड की तिखट, ओले की कोरडे, एवढेच विचारण्याची परवानगी असते, आणि आवाजावरून शेंगदाण्याचे लाडू, भडंग, खोबऱ्याच्या वड्या अशी नावे एकामागून एक घेतली जातात. ओळखता न आलेल्या खिरापतीस सर्वांत अधिक मान. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीने आणलेल्या भाजक्या हरभऱ्यांचा डबा कोणास ओळखता आला नाही, तर त्या दिवसापुरती ती वर्गाची राणी असते, आणि संपन्न घरचा सुक्यामेव्याचा डबा पहिल्याच हलवण्यात ओळखला जातो. संपत्तीचा भेद एका दुपारपुरता का होईना निष्प्रभ करणारी इतकी साधी युक्ती मला इतरत्र क्वचितच आढळली आहे.

गुजरातच्या शेजारामुळे आणि शहराच्या वाढीमुळे गरबा आणि दांडिया आता नाशिकच्या शाळांत सर्रास होतात. त्यांचा आनंद मुलांना जरूर मिळावा, आणि मुलगे-मुली दोघांनाही त्यात स्थान आहे हा त्यांचा मोठाच गुण होय. तथापि ध्वनिक्षेपकाच्या तालावर नाचणे आणि स्वतःच्या कंठाने, एकमेकींचा श्वास सांभाळीत गाणे यांत अंतर आहे. भोंडल्याची गाणी पाठ नसलेली मुलगी शेजारणीच्या ओठांकडे पाहून म्हणू लागते आणि चौथ्या दिवसापर्यंत ती आपसूक शिकते. शिवाय या गाण्यांतून स्त्रियांनी पिढ्यानुपिढ्या आपले गाऱ्हाणे उघड्यावर मांडले. बारा वर्षांच्या मुलीस ते गाऱ्हाणे समूहात, निर्भयपणे, मोठ्याने म्हणता यावे आणि त्यावर वर्गात बाईंशी बोलता यावे, यात माझ्या दृष्टीने या खेळाचे शैक्षणिक मूल्य आहे. काही शाळांत शिक्षिका मुलींकडून नवी कडवी रचवून घेतात, ज्यांतली सून शिकलेली असते आणि कारल्याच्या वेलाची वाट न पाहता निघून जाते. हा उपक्रम सर्वत्र व्हावा.

दसऱ्याच्या आधीच्या दिवशी शाळेत पाटीपूजन होते. पाट्या जाऊन वह्या आल्या, वह्यांच्या जोडीला संगणक आले, तरी कोठून तरी एक काळी पाटी शोधून आणली जाते, ओल्या फडक्याने पुसून वाळवली जाते, आणि वर्गातला स्थिर हाताचा मुलगा तिच्यावर सरस्वती काढतो. ही सरस्वती मानवाकृती नसते. '१' हा आकडा उलटसुलट, ओळीने, एकमेकांस जोडून मांडीत गेले की मधोमध एक सममित आकृती उमटते, तीच विद्येची देवता. पहिलीत पाटीवर जो आकडा सर्वांत आधी गिरवला त्याच आकड्यापासून ती घडते. एखादा '१' कमी पडला की आकृती एका बाजूस कलते आणि पुन्हा सर्व पुसून काढावे लागते. वर्गातील चाळीस जणांचे डोळे त्या एका हातावर खिळलेले असतात, आणि शेवटची रेघ जुळताच सुटकेचा निःश्वास सर्वांच्या तोंडून निघतो. पाटीभोवती पुस्तके, कंपासपेट्या, शाळेच्या बागेतली खुरपी, प्रयोगशाळेतले भिंग, असे जे ज्याचे साधन ते मांडतात. आपट्याची पाने वाटण्यासाठी मुलांनी झाडे ओरबाडू नयेत म्हणून अलीकडे अनेक शिक्षक आपट्याचे रोप लावण्याचा आग्रह धरतात, आणि तो योग्य आहे.

परंतु दसऱ्याच्या दिवसाचा दुसरा अर्थ या जिल्ह्यास विसरता येणार नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, नागपुरात ती प्रत्यक्षात आणली. त्यामुळे वर्गातील कित्येक मुलांच्या घरी दसरा हा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. शरणपूरच्या परिसरातील ख्रिस्ती घरांतली मुले, मालेगाव आणि जुन्या नाशकातील मुसलमान मुले, पाड्यावरची कोकणा, महादेव कोळी, वारली मुले याच वर्गात असतात. ज्या नगरीत १९३० साली एका समाजास काळाराम मंदिराच्या दाराबाहेर तिष्ठत ठेवले गेले, तेथील शाळेच्या फेरात कोणी बाहेर उभे राहता कामा नये. शाळेने पाटीपूजनास देवकार्यापेक्षा साधनांविषयीच्या कृतज्ञतेचे स्वरूप द्यावे, येवल्याच्या त्या दिवसाची हकीकत याच आठवड्यात सांगावी, आणि ईद वा नाताळाच्या वेळीही तेवढ्याच आस्थेने सर्व वर्ग एकत्र बसवावा. हे ज्या मुख्याध्यापकांनी मनापासून केले आहे त्यांच्या शाळांत या विषयावरून वाद झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पाड्यांवरील आश्विनाचा कळस म्हणजे वाघबारस. आश्विन वद्य द्वादशीस गुराखी मुले गावाच्या शिवेवरील वाघदेवाच्या दगडी वा लाकडी प्रतिमेपाशी जमतात, तिला शेंदूर लावतात, खिरीचा नैवेद्य दाखवतात. एखादा मुलगा वाघ होतो, एखादा अस्वल, आणि इतर त्यांच्यामागे धावत रान दणाणून सोडतात. ज्याच्यापासून भय आहे त्यालाच गावाचा रक्षक मानून त्याच्याशी करार करण्याची ही रीत निसर्गविषयक कोणत्याही पाठाहून अधिक बोलकी आहे. खेदाची गोष्ट ही की शहरातून आलेल्या पाठ्यक्रमात वाघबारशीस स्थान नाही, आणि आश्रमशाळेतील मुलास हा सण गाठण्यासाठी सुट्टी लागण्याची वाट पाहावी लागते. शहरातील मुले त्याच दिवसांत अंगणात मातीचे किल्ले उभारतात. ज्या जिल्ह्यात महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर उंचीचा साल्हेर, आहे आणि १६८२ पासून मोगली वेढ्यास वर्षानुवर्षे दाद न देणारा रामसेज शहराच्या वेशीवर उभा आहे, तेथल्या मुलांनी किल्ला करताना प्रथम रामसेजच करावा, आणि तो करण्याआधी शिक्षकांबरोबर एकदा चढून यावा.

पाऊस थांबून मैदाने वाळली की तालुका आणि जिल्हा पातळीवरील शालेय क्रीडास्पर्धा सुरू होतात. खो-खो, कबड्डी, धावणे यांत डोंगराकडील मुले शहरातील मुलांस सहज मागे टाकतात. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच वाटांवर धावत मोठी झाली. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवले, आणि त्याच वर्षी ग्वांग्झू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. तिचे नाव घेऊन आपण अभिमान मिरवतो, हे ठीकच. पण तिच्यासारख्या पायांच्या किती मुली त्या ऑक्टोबरात शाळेच्या मैदानाऐवजी द्राक्षांच्या मांडवाखाली होत्या, याचाही विचार अभिमानाबरोबर झाला पाहिजे.

आणि येथे मूळ मुद्द्याशी येतो. छाटणीची टोळी घाटावरून उतरते तेव्हा तिच्यात नवरा-बायको असतात, तान्हे मूल असते, आणि त्या तान्ह्यास सांभाळण्यासाठी आणलेली दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी असते. तिचे वय चौदाच्या आत असल्याने कायद्याने तिचे स्थान शाळेत आहे. शेत एका गावात, शाळा दुसऱ्या गावात, घर तिसऱ्या तालुक्यात अशा अवस्थेत तिचे नाव मूळ शाळेच्या पटावर राहते आणि ती स्वतः कोणत्याच शाळेत नसते. बागाईतदार दुष्ट असतात असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. छाटणीचे दिवस टळले तर त्यांचेही वर्ष बुडते. पण संक्रांतीनंतर ही मुलगी वर्गात परतते तेव्हा तिच्या मैत्रिणींची सहामाही झालेली असते, भोंडला झालेला असतो, हस्तलिखितात तिचे नाव नसते, आणि गणितातील मागासलेपण भरून काढणे एक वेळ शक्य असले तरी त्या समूहात पुन्हा मिसळणे तिला जड जाते. शाळा कायमची सुटते ती येथे. सातवीनंतरची शाळा दूरच्या गावी असली म्हणजे तर निर्णय आईबापांनाही सोपा वाटतो.

उपाय अज्ञात नाहीत. स्थलांतर करणाऱ्या पालकांची मुले गावातच आजी-आजोबांपाशी राहावीत आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेत व्हावी म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुलास सोबत न्यावेच लागले तर ते जेथे जाईल तेथील शाळेने दाखल करून घ्यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाची तजवीज आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. प्रश्न वेळेचा आहे. वसतिगृहाचा प्रस्ताव कचेरीतून मंजूर होऊन येईपर्यंत दिवाळी उलटते आणि टोळ्या निघून गेलेल्या असतात. मुकादमाची उचल मात्र पावसाळ्यातच घरात पोहोचलेली असते. तेव्हा स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी शाळा व्यवस्थापन समितीने भाद्रपदातच करावी, आणि वसतिगृहाची चूल घटस्थापनेच्या दिवशी पेटावी. फेर धरला जात असताना जी मुलगी गावात राहील तिला गावात राहावेसे वाटेल. रिकाम्या झालेल्या शाळेत मागाहून आणून बसवलेली मुलगी टिकत नाही. ज्या शाळा सहामाहीच्या सरावासाठी भोंडला, हस्तलिखित आणि सहल यांवर काट मारतात त्यांनीही हे लक्षात घ्यावे.

दिंडोरी, निफाड आणि चांदवडच्या बागाईतदारांस एक विनंती करून हा लेख संपवतो. हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा छाटणी उरकलेली असेल आणि टोळी अजून मळ्यावरच असेल. आपल्या शेडमध्ये उतरलेल्या कुटुंबांत सहा ते चौदा वर्षांची मुले किती आहेत याची विचारपूस करावी, त्यांच्याजवळ हमी पत्रक असो वा नसो, सुट्टी संपून शाळा उघडताच त्यांना आपल्या गावच्या शाळेत घेऊन जावे आणि मुख्याध्यापकांकडून त्यांची नावे पटावर चढवून घ्यावीत. वयानुरूप वर्गात दाखल करून घेणे शाळेवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि दाखला नाही या सबबीवर कोणत्याही मुलास परत पाठवता येत नाही.